‘पित्त झालें’ म्हणजे नेमकें काय झालें?

सातारा-सांगलीकडील घरांत कुणी सकाळीं कपाळ धरून बसलें कीं ‘पित्त झालें असेल’ असें कुणीतरी म्हणतेंच. करपट ढेकर आले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि पुरणपोळीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखालीं कळ आली तरीहि पित्तच! एका नांवाखालीं तीन निराळीं दुखणीं नांदतात. पहिलें बहुधा जठरांतील आम्लाचें, दुसरें त्वचेचें. खऱ्या पित्ताशीं नातें असतें तें बहुधा तिसऱ्याचें. आणि नेमकें तेंच आवळासुपारीवर भागविलें जातें.

खरें पित्त यकृतांत तयार होतें. दिवसाकांठीं अर्धा ते एक लिटर. त्यांतील पित्ताम्लें यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवितें. जेवणाची वेळ नसतांना हें पित्त पित्ताशयांत सांठून दाट होतें. तुपातेलाचा अंश लहान आंतड्याच्या आरंभीं पोंचला कीं आंतडें रक्तावाटे वर्दी देतें, पित्ताशय आकुंचन पावतो आणि पित्त अन्नांत मिसळतें. साबणानें ताटाचा तेलकटपणा सुटतो, तसे पित्ताम्लांनीं स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म कण होतात.

आपली कृष्णा महाबळेश्वराहून निघून वाई, माहुली, कऱ्हाड करीत सांगलीस येते, ती पुन्हां माघारीं वळत नाहीं. पित्ताम्लें मात्र वळतात. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत त्यांतलीं सुमारें ९५ टक्के शोषलीं जाऊन यकृताकडे परततात. शरीरांतला एकूण सांठा अवघा ३ ग्रॅमच्या आसपास. तोच दिवसांतून अनेक फेरे घालतो.

शिवाय हिशेबहि चोख! कोठीची किल्ली सांभाळणाऱ्या सासूबाई ‘डबे भरलेले आहेत, नवा जिन्नस आणूं नका’ असें सांगतात, तसाच निरोप आंतडें यकृतास धाडतें. आंतड्याच्या पेशींतील एफ्‌एक्स्‌आर नांवाचें प्रथिन पित्ताम्लें ओळखतें, हें १९९९ सालीं उघडकीस आलें. मग त्या पेशी एफ्‌जीएफ्‌-१९ हें संप्रेरक सोडतात आणि यकृत नव्या पित्ताम्लांचें उत्पादन आंवरतें. मलावाटे जी थोडी तूट येते, तेवढी यकृत कोलेस्टेरॉल वापरून भरून काढतें. इसबगोलाचा किंवा डाळींचा चोथा कांहीं पित्ताम्लें धरून बाहेर नेतो व रक्तांतलें कोलेस्टेरॉल उतरण्यास मदत करतो, त्याचें मर्म हेंच.

पित्तांत कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झालें, किंवा पित्ताशय वेळेवर रिकामा झाला नाहीं, तर खडे धरतात. दीर्घ लंघन आणि झपाट्यानें वजन उतरविणें या दोहोंनीं तो धोका वाढतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत खडे अधिक आढळतात, आणि दुखणें अंगावर काढण्याची संवयहि आपल्या घरांत त्यांनाच अधिक!

येथें सांगलीच्या हळदीविषयीं दोन शब्द. २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या या हळदीचा आपणांस सार्थ अभिमान आहे. हळदींतील कर्क्युमिनानें पित्ताशय आकुंचन पावतो, असें प्रयोगांत दिसलें आहे. आमटींतल्या चिमूटभर हळदीला भिण्याचें कारण नाहीं. परंतु खडे असतांना डॉक्टरांस न विचारतां हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेऊं नयेत. उलटपक्षीं, काविळींत नुसती हळद वर्ज्य केल्यानें कांहींच साधत नाहीं. तो पिवळेपणा हळदीचा नव्हे. जुन्या तांबड्या रक्तपेशींपासून निघणाऱ्या बिलिरुबिनाचा आहे.

म्हणून गृहिणींस आणि घरांतील वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति. उजव्या बरगडीखालील कळ तासन्‌तास राहिली, सोबत ताप किंवा थंडी आली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद वा शौच पांढुरकें झालें, तर ‘पित्तच असेल’ म्हणून थांबूं नये; त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. आंतडें यकृतास वेळेवर निरोप देतें. घरच्या बाईच्या दुखण्याचा निरोप घरानेंहि वेळेवर ऐकावा.