गळा पाहून पट्टा

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण दुसऱ्याच्या श्रमावर मिरवणाऱ्या माणसासाठी आहे हे खरे. पण ज्याने ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांची रांग पाहिली आहे, त्याला आधी आठवते ते त्या म्हणीतले कुत्रेच. दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पातेली, सरपण, शेळी, कोंबड्या आणि लेकरे यांच्याबरोबर घरचे कुत्रेही निघते. कारखान्याच्या तळावर पालाची राखण तेच करते.

अशा कुत्र्याच्या गळ्यात काय बांधावे, हा विषय वार्षिकांकाच्या पानावर पाहून काही मित्र हसतील. काव्य, शास्त्र आणि समाज सोडून याला पट्टाच सापडला का, असे आमचे गुरुजनही म्हणतील. परंतु या क्षुल्लक वस्तूपायी एका मुक्या जिवाचा गळा कापला गेलेला मी पाहिला आहे, आणि तो पट्टा मीच बांधला होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी दहावीत असताना आमच्याकडे दोन महिन्यांचे एक तांबूस पिल्लू होते. दिवाळीच्या आठवडी बाजारात मी त्याच्यासाठी घुंगरू लावलेला लाल रेक्झिनचा पट्टा घेतला. गळ्याला चापून बसला तर शोभून दिसेल म्हणून आतल्या भोकात बक्कल अडकवले. आईवडील पिल्लाला घेऊन तोडीला गेले. मी शाळेसाठी आजीजवळ राहिलो. रात्री तीनला उठून फडात जाणाऱ्या माणसांना पिल्लाच्या मानेकडे पाहायला वेळ कुठला? पिल्लू वाढले, पट्टा वाढला नाही. पाडव्याच्या सुमारास मंडळी परतली तेव्हा पिल्लाजवळून दुर्गंधी येत होती. केस बाजूला केले तर पट्टा दिसेनाच. तो मांसात रुतला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तो कातरून काढला, जखम धुतली, अळ्या वेचल्या. पिल्लू वाचले. त्या दिवशी वडील एवढेच म्हणाले, "आरं, बैलाची येसन बी आपण दर पोळ्याला बदलितो. ह्याचं मातर कुणाच्याच ध्यानात राह्यलं न्हाई."

वडिलांच्या त्या वाक्यात पट्टा निवडण्याचे निम्मे शास्त्र आले आहे. बैलाची मान आपण रोज पाहतो, कारण तिच्यावर जू असते. कुत्र्याच्या मानेवर आपले काम अडत नाही, म्हणून ती पाहायची राहून जाते. पिल्लू तर आठवड्या-आठवड्याला वाढते. पट्टा बांधल्यावर मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत दोन बोटे आणि लहान पिल्लाच्या बाबतीत एक बोट पट्ट्याखाली सहज सरकले पाहिजे. ही परीक्षा पहिले सहा महिने दर आठवड्याला आणि पुढे वर्ष होईपर्यंत पंधरवड्याला घ्यावी. बोट जाईना की भोक बदलावे, भोके संपली की पट्टा बदलावा. मोठ्या जातीची कुत्री वर्षानंतरही भरत राहतात, हेही ध्यानात असू द्यावे. याउलट, वाढेल म्हणून फार सैल बांधणेही चूक. सैल पट्ट्यात खाजवताना पाय अडकतो, चाटताना खालचा जबडा अडकतो, आणि पिल्लू घाबरून स्वतःलाच आवळून घेते.

माप घेणे सोपे आहे. सुतळीचा तुकडा मानेभोवती फिरवावा, तो पट्टीवर मोजावा आणि त्यात सुमारे दोन इंच धरावेत. दुकानातून "मध्यम कुत्र्याचा पट्टा" मागून आणणे म्हणजे पाय न मोजता वहाण घेणे होय.

आता पट्टा कशाचा असावा? पिल्लाला सुती नवारीचा किंवा मऊ नायलॉनच्या फितीचा हलका पट्टा उत्तम. तो धुता येतो आणि सहज सैल करता येतो. चामड्याचा पट्टा टिकाऊ खरा, पण पावसात भिजून वाळला की ताठ होतो आणि कडेने कातडी सोलतो. त्याला अधूनमधून तेल लावून मऊ ठेवावे लागते. दोरी, सुतळी अथवा तार मात्र गळ्यात कधीच बांधू नये. अरुंद वस्तूचा सारा जोर एका रेषेवर येतो आणि ती सुरीसारखी कापते. रुंद पट्ट्यात तोच जोर पसरतो. लोखंडी साखळी थेट गळ्यात घातली तर आपल्याकडच्या वैशाखात ती चटके देते. ओढले की आवळणारी साखळी तर वाढत्या पिल्लाच्या श्वासनलिकेला घातकच.

कुत्र्याची घडणही पाहावी लागते. आपल्या दख्खनच्या कारवानी कुत्र्याचे डोके निमुळते आणि मान लांब असते; साधा पट्टा त्याच्या डोक्यावरून निसटतो. त्याला रुंद पट्टा हवा. आखूड नाकाच्या पगसारख्या कुत्र्याला मुळातच श्वास घ्यायला कष्ट पडतात. त्याला फिरवताना गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा बरा.

एक पट्टा मात्र या सर्वांहून वेगळा आहे. मेंढपाळांच्या राखणदार कुत्र्यांच्या गळ्यात बाहेर टोके काढलेला लोखंडी खिळ्यांचा पट्टा दिसतो. तो मिरवण्यासाठी नसतो. बिबट्या आणि लांडगा सावजाचा गळा धरतात, म्हणून गळ्यालाच चिलखत. नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना या चिलखताचा अर्थ सांगायला नको. गंमत अशी की इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो नावाच्या रोमन ग्रंथकाराने शेतीवरील आपल्या ग्रंथात अशाच पट्ट्याचे वर्णन केले आहे. जाड चामड्यात खिळे ठोकावेत, पण खिळ्यांच्या माथ्यांखाली आतून मऊ कातडे शिवावे, म्हणजे लोखंड कुत्र्याच्याच मानेला लागणार नाही, असे तो सांगतो. शत्रूसाठी टोक आणि आपल्यासाठी अस्तर, हे त्या जुन्या कारागिरांनाही ठाऊक होते. घरच्या कुत्र्याला मात्र हौसेने असा पट्टा घालू नये. खेळताना दुसऱ्या पिल्लाचे तोंड फाटते.

पट्टा ही कुत्र्याची ओळखही आहे. तोडीच्या मुलखात कुत्रे चुकले तर ते कोणाचे हे कोण सांगणार? म्हणून पट्ट्यावर आतल्या बाजूने न पुसणाऱ्या शाईने गावाचे नाव आणि मोबाईल क्रमांक लिहावा. परंतु पट्टा पाहून कुत्रे पिसाळणार नाही असे कोणी समजू नये. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी नियमित टोचून घ्यावी.

शेवटी बांधण्याविषयी. भिंतीच्या वा गाडीच्या कडेला अशा बेताने बांधू नये की पलीकडे उडी मारताच कुत्रे लटकेल. चालत्या गाडीखाली बांधले तर दोरी चाकात जाते. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावराला फार वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.

इसापाच्या गोष्टीतला लांडगा कुत्र्याच्या मानेवरचे घासलेले केस पाहतो आणि पोटभर अन्न सोडून रानात परत जातो. आमच्या कुत्र्याच्या मानेभोवतीही बोटभर रुंदीचे बिनकेसांचे कडे आहे. ते मात्र कोठे निघून गेले नाही. मी सुटीत गावी गेलो की ते माझ्याच पायांशी येऊन बसते, आणि माझा हात आपोआप त्याच्या गळ्याकडे जातो. पट्ट्याखाली दोन बोटे सरकतात ना, हे पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. मित्रहो, आपल्याही दारात पिल्लू असेल तर आज घरी गेल्यावर एवढे अवश्य पाहा.