षष्ठी, ईद आणि मार्चअखेर

२०२४ साली नाथषष्ठी ३१ मार्चला आली. त्या दिवशी रमजानचा विसावा रोजा होता आणि हिशोबाच्या वर्षाचा शेवटचा दिवसही तोच. पैठणसारख्या गावात कापडाचे दुकान असणाऱ्या माणसाच्या अंगावर हे तिन्ही एकाच दिवशी आले म्हणजे त्याची काय गत होते, ते व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. आमचे मोठे भाऊ त्याच संध्याकाळी मशिदीत एतिकाफला बसले. त्यामुळे ऐन गर्दीत गल्ल्यावरचा माणूस गेला. तो दहा दिवसांनी, ईदचा चांद दिसल्यावरच परत आला.

नाथषष्ठी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी. संत एकनाथ महाराजांनी १५९९ साली याच तिथीला गोदावरीत देह ठेवला. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले, असे मानले जाते. म्हणून या यात्रेला आम्ही कधी परक्याची यात्रा म्हटले नाही. मराठवाड्यातून आणि नगरकडून दिंड्या पायी येतात. वारकऱ्यांच्या स्नानासाठी नाथसागर धरणातून नदीत पाणी सोडतात. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमीचा काला असे तीन दिवस गावात पाय ठेवायला जागा राहत नाही. मनियार बांधवांची बांगड्यांची पाले, अत्तर-सुरम्याच्या पेट्या, बागवानांच्या फळांच्या गाड्या, खेळणी, रेवड्या, टाळ-मृदंग असा सगळा बाजार भरतो. पैठणीचे नाव जगभर झाले, आणि ती विणणाऱ्यांत साळी, खत्री यांच्याबरोबर मोमीनही होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण यात्रेत पैठणी विकत घेणारे गिऱ्हाईक क्वचितच. वारकरी घेतो टोपी, उपरणे, धोतरजोडी, टॉवेल. त्याची घरधनीण घेते सुती लुगडे आणि नातवाला एक झबले.

या मालात नगामागे सुटते थोडे, पण सुटते ते रोख. हीच षष्ठीची खरी बरकत. लहान गावातल्या कापड दुकानाचे बाकी सगळे वर्ष उधारीवर चालते. लग्नाचा बस्ता तर बहुतेक उधारच, तो पीक आले की फिटतो. ईदचे गिऱ्हाईक अर्धे रोख, अर्धे ‘पगार झाल्यावर देतो भाईजान’. वारकरी मात्र कनवटीची पिशवी सोडतो, नोटा मोजून देतो आणि चालू लागतो. परत भेटेल तो पुढच्या षष्ठीला. त्या तीन दिवसांच्या रोखीवर अब्बा पुढच्या लग्नसराईचा माल उचलत असत.

आता वसंतातल्या या बाजाराचे गणित कसे बदलते ते पाहू. आपले हिजरी साल चांदावर चालते आणि इंग्रजी सालापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असते. हिंदू पंचांगही चांदावरच चालते, पण त्यात दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास अधिक महिना घालून ऋतूशी मेळ बसवतात. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे रमजान दोन-तीन वर्षे एकाच मराठी महिन्यात राहतो आणि अधिक महिना आला की मागच्या महिन्यात सरकतो. २०२१, २०२२ आणि २०२३ ला रमजान चैत्राबरोबर होता. २०२३ ला अधिक श्रावण आला, आणि २०२४ पासून रमजान फाल्गुनात आला. ज्या अमावास्येनंतर गुढी उभारली, तिच्याच नंतर ईदचा चांद दिसला. २०२४ ला पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ ला, २०२५ ला पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला. साहजिकच नाथषष्ठीही दरवर्षी एकोणिसाव्या-विसाव्या रोजालाच आली. २०२५ ला २० मार्च, २०२६ ला ९ मार्च.

यापूर्वी हे असे घडले ते १९९२ आणि १९९३ ला. तेव्हा मी शिक्षण आटोपून नुकताच दुकानात बसू लागलो होतो. उर्दू शाळेतून आलेला मुलगा, मराठी पावती लिहिताना हात अडखळायचा, म्हणून अब्बांनी मला बाहेर यात्रेतल्या पालावर बसवले. १९९२ च्या त्या षष्ठीला झालेली विक्री नंतर कित्येक वर्षे झाली नाही. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने माझ्या सुकलेल्या तोंडाकडे पाहून विचारले, ‘रोजा हाय का पोरा तुझा? मग बस सावलीला, आमचं आम्ही बघतो.’ आणि खरेच, त्यांच्या दिंडीतल्या लोकांनी गठ्ठ्यातून आपापल्या टोप्या काढून घेतल्या आणि पैसे चादरीवर ठेवले. संध्याकाळी मोजले तर एक रुपया कमी नव्हता. १९९३ चे काही लिहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत देशात जे झाले, त्यानंतरची ईद कशी गेली ते आमच्या वयाच्या प्रत्येकाला आठवते.

तेव्हाची आणि आताची षष्ठी यात एक फरक पडला आहे. त्या काळी माल आणायचा तो इचलकरंजीचे धोतर, सोलापूरचे टॉवेल, मालेगावच्या साड्या, आणि पैसे द्यायचे तीन-चार महिन्यांनी. पेढीवाला वटाव कापायचा, कुरकुर करायचा, पण थांबायचा. षष्ठी, ईद, लग्नसराई असे तिन्ही हंगाम त्या एका उधारीत बसत. आता तसे नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३ब मध्ये नवी अट घातली. सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांतच द्यायचे. मुदत उलटली आणि ३१ मार्चला रक्कम बाकी असली, तर ती त्या वर्षीचा खर्च म्हणून धरली जात नाही. ती आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर भरावा लागतो. पैसे ज्या वर्षी द्याल त्या वर्षी ती वजावट मिळते. १ एप्रिल २०२५ पासून तर लघु उद्योगाची मर्यादा १०० कोटी रुपये उलाढालीपर्यंत गेली, म्हणजे आपल्याला माल देणारे बहुतेक विणकर आणि यंत्रमागवाले त्यात आले. नुसती व्यापारी पेढी असेल, स्वतः माल बनवत नसेल, तर ही अट लागत नाही. हा फरक पुष्कळांना माहीत नाही. आपल्याला माल देणाऱ्याचे उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्यावर तो उत्पादक आहे की व्यापारी ते पाहून ठेवावे.

मी स्वतः यात सापडलो. ईदचा माल पहिल्या रोजाच्या आत दुकानात लागतो, म्हणून २०२४ ला फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच माल उचलला होता. एका टॉवेलवाल्या कारखानदाराशी आमचा वर्षानुवर्षांचा व्यवहार, सगळा जबानी. लेखी करार नसल्याने मुदत १५ च दिवसांची, हे मला मार्चच्या मध्यावर सनदी लेखापालाने सांगितले, तेव्हा मुदत कधीच उलटून गेली होती. षष्ठीची रोख येणार ३१ तारखेला, आणि पैसे त्याच तारखेच्या आत त्याच्या खात्यात जमा व्हायला हवेत. शेवटी काही माल परत पाठवला आणि काहीचे पैसे घरातले दागिने गहाण न ठेवता, एका नातेवाईकाकडून कर्जे-हसना घेऊन भागवले. ज्याचा माल परत गेला त्याच्याही घरी रमजानच होता. त्याने तोंडावर काही म्हटले नाही, पण पुढच्या वर्षी माल देताना त्याने अर्धे पैसे आधी मागितले. त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही. कायदा विणकराच्या भल्यासाठी केला आहे आणि तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचे पैसे द्या, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पण आम्हाला उधारी मागणारा शेतकरी पीक येईपर्यंत थांबवतो, आणि आम्ही १५ दिवसांत द्यायचे. मधल्या दुकानदाराने हे अंतर कशाने भरायचे, याचा विचार मात्र कोणी केलेला नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती लिहावी की नको यावर मी बरेच दिवस विचार केला. आमच्या दुकानात जकातीचा हिशोब अब्बांच्या वेळेपासून मार्चअखेरीला होत असे. कारण सरळ होते. माल मोजायचा तो आयकरासाठी मार्चमध्ये मोजायचाच, मग त्याच आकड्यावर अडीच टक्के काढायचे आणि रमजान येईल तेव्हा वाटायचे. २०२४ ला रमजान आणि मार्चअखेर एकत्र आले, तेव्हा माल एकदाच मोजला. जुन्या वह्या सहज चाळल्या आणि माझ्या लक्षात आले की आम्ही इंग्रजी वर्षाने जकात काढत आलो आहोत. जकातीचे वर्ष हिजरी असते, ३५४ दिवसांचे. ३३ इंग्रजी वर्षांत ३४ हिजरी वर्षे होतात. म्हणजे १९९२ पासून इकडे आमच्या घराची जवळजवळ एका वर्षाची जकात आत राहिली होती. गावातल्या मुफ्तीसाहेबांकडे वह्या घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले आणि राहिलेली रक्कम अदा करायला सांगितली. ती आम्ही थोडी थोडी करून दिली, अल्हम्दुलिल्लाह.

इंग्रजी वर्षानेच हिशोब ठेवणे भाग असेल, तर अडीचऐवजी २.५७७ टक्के धरावे असे काही उलमा सांगतात. माझ्या मते दुकानदाराने एक हिजरी तारीख पक्की करून त्या दिवशी स्वतंत्र मोजणी करावी हेच बरे. मोजताना आयकराचा आकडा तसाच उचलू नये. आयकरासाठी आपण माल खरेदीच्या भावाने लावतो. जकातीसाठी त्या दिवशीचा विक्रीचा भाव धरतात. कपाटे, काउंटर, शिलाई यंत्र, माग यांवर जकात नाही, विकायच्या मालावर आहे. पडून राहिलेला जुना माल आणि बुडीत उधारी यांचे मसले वेगवेगळे असतात, ते ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारावेत.

२०२६ च्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आहे. त्यानंतर रमजान माघात सरकतो. २०२७ ला ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल, षष्ठी २८ मार्चच्या सुमाराला, आणि पाडवा ७ एप्रिलला. म्हणजे षष्ठीची रोख ईदच्या मालाला मिळणार नाही. ईदचा माल जानेवारीत भरावा लागेल, आणि त्यासाठी कपाशीचे व उसाचे पैसे गावात किती आले यावरच सगळे अवलंबून राहील. उलट षष्ठी रोज्यांतून मोकळी होईल. नोकर दुपारी ताजेतवाने असतील आणि संध्याकाळी साडेसहाला दुकान अर्धे बंद करावे लागणार नाही. दोन्ही हंगामांत अंतर पडल्याने पेठेतल्या लहान दुकानदाराला माल दोनदा फिरवता येईल. ज्याच्याकडे भांडवल थोडे आहे त्याला हे फायद्याचेच.

कुर्ता-पायजम्याच्या कापडात थंडीचा विचार करावा लागेल. तीन वर्षे आपण उन्हाळ्याची ईद धरून मलमल आणि पातळ सुती मागवत होतो. फेब्रुवारीच्या रात्री तरावीहला जाणारे गिऱ्हाईक जरा जाड पोत मागेल. पुढे दर दोन-तीन वर्षांनी ईद आणखी मागे सरकेल, डिसेंबरात जाईल. रमजान पुन्हा फाल्गुनात यायला आणखी तीस-बत्तीस वर्षे लागतील. तोवर गल्ल्यावर आमचे नातू असतील.

सोलापूरच्या त्या कारखानदाराशी या वेळी लेखी करार केला आहे, ४५ दिवसांचा. टॉवेल षष्ठीसाठी हवेत, म्हणून ते फेब्रुवारीच्या अखेरीस पाठव, त्याआधी नको, असे त्याला कळवले. तो म्हणाला, ‘भाई, दरसाल तर तुम्ही जानेवारीपासूनच घाई करता.’ मी त्याला दोन्ही कॅलेंडरे समोर ठेवायला सांगितले.