रहीम मास्तर

आमच्या जाफराबादला माझ्या लहानपणी फुटबॉल कोणी खेळत नसे. हुतुतू, आट्यापाट्या आणि उन्हाळ्यात पूर्णेच्या वाळूत चिंध्यांचा चेंडू, एवढेच आमचे खेळ. तरी फुटबॉलमधल्या एका माणसाचे नाव मला दिलीपकुमारच्याही आधी पाठ झाले, ते वडिलांमुळे. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. वडील हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकले आणि गावी येऊन मास्तर झाले. ते ज्यांचे नाव घेत, ते सय्यद अब्दुल रहीम हेही मास्तरच. जन्म १९०९ चा, उस्मानियाच्या संघातून खेळलेले आणि हैदराबादच्या शाळांतून मुलांना शिकवणारे.

गावात हे सर्वांनाच रुचे असे नाही. पोलीस ॲक्शनच्या आधीचे, १९४८ चे दिवस लोक विसरले नव्हते. आमच्याही घराने तेव्हा एका रात्रीत गाव सोडले होते. शेजारचे एक गृहस्थ खवचटपणे विचारीत, "मास्तर, तुमचा जीव अजून हैदराबादेतच का?" वडील म्हणत, "अहो, मास्तराचं गाव कशाला बघता? त्याचा वर्ग बघा."

आणि वर्ग खरोखरच बघण्यासारखा होता. रहीमसाहेबांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. त्यांची शिकवण्याची रीत खास मास्तरी होती. चेंडू पायात घोळवत बसायची बंदी असलेले सामने ते मुलांत लावीत. कच्च्या पायानेच खेळायचे, असेही सामने लावीत. घोळवायची बंदी असली की मान वर करून आपला गडी शोधावाच लागतो! वडिलांनी हे कुठेसे वाचले आणि आमच्यावर प्रयोग सुरू केला. महिनाभर वाळूत फक्त डावा पाय. माझ्या डाव्या अंगठ्याचे नख त्यातच एका दगडावर गेले. ते अजून वाकडे आहे.

१९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. दुसरा कोणी तोंड लपवून बसला असता. रहीमसाहेबांनी नापास मुलाची वही उघडावी तसा तो पराभव उघडला. पुढे पायांत बूट आले, खेळाची मांडणी बदलली. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. त्या ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. बरोबर महिनाभर आधी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता. वडील हसून म्हणाले, "घ्या, माझे मास्तर परराज्यातले झाले, आणि गोल करणारा आपल्या राज्यातला!"

१९६२ ची जाकार्ता एशियाड मात्र मला स्वतःला आठवते. मी चौदा वर्षांचा होतो. इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी सोंधी यांनी हरकत घेतली म्हणून तिथले प्रेक्षक आपल्यावर खवळलेले. रहीमसाहेबांच्या शरीरात कर्करोग. अंतिम सामन्याआधी त्यांनी पोरांकडे एकच भेट मागितली म्हणतात: सुवर्णपदक. बचावातला जर्नेलसिंग डोक्याला टाके घातलेला. त्यालाच त्यांनी पुढच्या फळीत धाडले. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा जर्नेलने. २-१! कापडदुकानाच्या रेडिओवर बातमी संपून गाणी लागली तरी वडील रस्त्यातच उभे होते. खवचट शेजारी दुकानातून पेढा घेऊन आले आणि काही न बोलता वडिलांच्या हातावर ठेवून गेले.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब वारले. वय अवघे त्रेपन्न. वर्तमानपत्र गावात एस.टी.ने येई, तेही शिळे. वडिलांनी ते वाचले, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवले आणि संध्याकाळी आम्हाला पूर्णेवर नेले. शिकवले काहीच नाही. नुसते बसून आमचा खेळ पाहत राहिले.

त्यानंतर एशियाडमध्ये फुटबॉलचे सुवर्ण भारताला मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्य मिळाले, तेवढेच. २०२४ मध्ये रहीमसाहेबांवरचा 'मैदान' हा चित्रपट आला, तो मी नातवाबरोबर पाहिला. टाक्यांचा प्रसंग आला तसा तो कुजबुजला, "आजोबा, हे खरं की सिनेमातलं?"

घरी आल्यावर मी त्याला मोजा काढून नख दाखवले.