नवाबाची लेक आणि पहिला बोलपट

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी वसई, पालघर, डहाणू मागे टाकून गुजरातेत शिरते, आणि नवसारी सोडल्यावर, सुरतेच्या थोडे अलीकडे, 'सचिन' नावाच्या एका स्थानकावरून पुढे जाते. आमच्या वाचकांपैकी कामधंद्यानिमित्त त्या बाजूस जाणाऱ्यांनी ही पाटी पुष्कळदा वाचली असेल. हल्लीच्या मुलांना ती पाहून क्रिकेटपटूचीच आठवण व्हावी हे साहजिक आहे. पण या नावाचे एक संस्थानही होते, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांपैकी तरी कितींना ठाऊक असेल, याची आम्हांस शंका वाटते. आपल्या कुलाबा किनाऱ्यावरील जंजिऱ्याचे जे सिद्दी, आफ्रिकेतून आलेले ते दर्यावर्दी, त्यांचीच ही शाखा होय. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारे सिद्दी अब्दुल करीम यांनी तो हक्क पेशव्यांच्या हवाली केला आणि त्या बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख पदरात पाडून घेतला. ही गोष्ट १७९१ सालची. सुरतेचे लोक हवा खाण्यास ज्या डुमसच्या किनाऱ्यावर जातात, तेही या नवाबांच्याच हद्दीत मोडे.

आज आम्ही सांगणार आहोत ती कथा या घराण्यातील एका मुलीची. तिला घराण्यातील म्हणावे की नाही, हाच मुळी प्रश्न आहे. झुबेदा सुरतेत १९११ साली जन्मली. पिता सचिनचे नवाब तिसरे इब्राहिम महंमद याकूत खान. माता फातमा बेगम, उर्दू रंगभूमीवरील नटी. सुलताना, झुबेदा व शहजादी अशा तीन मुली. नवाब आणि फातमा बेगम यांचा रीतसर विवाह झाल्याची नोंद आढळत नाही, आणि या मुली आपल्या आहेत असे नवाबांनी जाहीरपणे मान्य केल्याचीही नाही. एकीकडे तोफांची सलामी घेणारा बाप, आणि दुसरीकडे त्या सलामीत वाटा नसलेली लेक, अशी ही स्थिती होती.

फातमा बेगमना स्वतःच्या कर्तबगारीवाचून दुसरा आधार नव्हता असे म्हणावे लागते. त्या काळी नाटकात काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाही, हे आमच्या वृद्ध वाचकांस सांगावयास नको. गावोगावच्या नाटकांत तेव्हा सफाचट मिशांचे तरुणच लुगडी नेसून उभे राहत. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर साळुंके नावाच्या पुरुषासच ती भूमिका करावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'साठी मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कोवळ्या वयाची कन्या कमलाबाई अशा मायलेकी पुढे आल्या. याच कमलाबाई पुढे गोखले झाल्या, आणि अलीकडच्या काळातील नट विक्रम गोखले त्यांचेच नातू. लेकीला पडद्यावर आणावयास आईच लागली, ही गोष्ट महाराष्ट्रात घडली तशीच ती सुरतेच्या या घरातही घडली.

अर्देशीर इराणी यांच्या १९२२ सालच्या 'वीर अभिमन्यू' या मूकपटात फातमा बेगम स्वतः पडद्यावर आल्या, आणि सुलतानाही त्यात होती. झुबेदाही त्याच वर्षी 'कोहिनूर' या चित्रपटात प्रथम दिसली. तिचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे होते. आपल्या घरात त्या वयाची मुलगी कपडे वाळत घालते, धाकट्या भावंडास कडेवर घेते. ही मुलगी रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभी होती. आम्ही यात कौतुक तेवढेच पाहत नाही. तिचे बालपण इतरांच्या बालपणाहून लवकर संपले, हेही खरे. परंतु ज्या आईला तीन मुलींची काळजी आहे आणि ज्या मुलींना पित्याचे नाव लावण्याची सोय नाही, तिने त्यांच्या हाती स्वतःचाच व्यवसाय दिला, याबद्दल तिला बोल लावावयास आमची जीभ धजत नाही.

आरंभी सुलतानाच अधिक गाजली. १९२४ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'त दोघी बहिणी होत्या. पुढल्या वर्षी मात्र झुबेदाचे एका वर्षात नऊ चित्रपट निघाले. 'काळा चोर', 'देवदासी' आणि 'देश का दुश्मन' ही त्यांतील काही नावे. रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावरून नवल गांधी यांनी १९२७ साली काढलेल्या 'बलिदान'मध्येही तिची भूमिका होती.

याच सुमारास आईने आणखी एक पाऊल उचलले. १९२६ साली फातमा बेगमनी स्वतःची चित्रपटसंस्था काढली आणि 'बुलबुले परिस्तान' या चित्रपटाचे दिग्दर्शन केले. हिंदुस्थानात एखाद्या स्त्रीने चित्रपट दिग्दर्शित करण्याचा हा पहिला प्रसंग. पऱ्यांची गोष्ट, कॅमेऱ्याच्या नाना करामती, आणि नायिकेच्या जागी आपलीच लेक! दिग्दर्शक आई समोर असता पाठ चुकण्याचे धाडस कोणत्या मुलीस होईल?

मूकपटात वाणीला कामच नव्हते. डोळे बोलके असावेत, चाल डौलदार असावी, घोड्यावर बसता यावे, की झाले. संवाद पडद्यावर अक्षरांत उमटत, आणि ज्यांस वाचता येत नसे त्यांस शेजारचा कोणी मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे अँग्लो-इंडियन आणि ज्यू घराण्यांतील पुष्कळ मुली त्या काळी तारका झाल्या. त्यांना हिंदुस्थानी भाषा नीट येत नसे, आणि तिची गरजही पडत नसे. त्यांच्यातील सर्वांत मोठी तारका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स.

अर्देशीर इराणींनी पहिला हिंदुस्थानी बोलपट काढावयाचे ठरविले, तेव्हा त्यांच्या मनात नायिका म्हणून याच रूबी मायर्स होत्या. पण भाषा आड आली. पारशी रंगभूमीचे नाटककार जोसेफ डेव्हिड यांच्या उर्दू नाटकाचे संवाद सफाईने म्हणणारी आणि शिवाय गाणारी तरुणी हवी होती. झुबेदाला उर्दू कोणी शिक्षक लावून शिकविली नव्हती. ती तिच्या घराची भाषा होती. सचिनच्या वाड्यातून तिला दागिना मिळाला असेल वा नसेल, आईच्या तोंडून ऐकलेली ही भाषा मात्र तिला वारसा म्हणून मिळाली, आणि विसाव्या वर्षी तीच तिच्या कामी आली. नायक मास्टर विठ्ठल हे आपल्या मराठी मंडळींचे लाडके, तलवारबाजीत निपुण. परंतु त्यांच्या उर्दू उच्चारांची पंचाईत झाली, आणि त्यांच्या वाट्याचे बोलणे कमी करावे लागले.

हे चित्रण सोपे नव्हते. स्टुडिओ आगगाडीच्या रुळांलगत होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट इतका, की ध्वनी टिपणेच अशक्य; म्हणून मध्यरात्र उलटल्यावर गाड्या थांबत तेव्हा काम चाले. चित्र आणि आवाज एकाच फितीवर एकदम उतरत असल्याने मागाहून दुरुस्तीची सोय नव्हती. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवीत, आणि पेटी-तबलेवाले कॅमेऱ्यास दिसू नयेत असे आडोशाला बसत. नटीनेच तेथल्या तेथे गावयाचे. झुबेदाने ते साधले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांस विकले गेले, असे सांगतात. त्याची कथा अशी की, राजदरबारातील एका सरदाराच्या मुलीला राणीच्या सूडापायी वाड्याबाहेर जावे लागते. ती भटक्या लोकांत वाढते, आणि अखेरीस तिला तिचे स्थान मिळते. झुबेदाने ही भूमिका केली तेव्हा तिच्या मनात काय आले असेल, हे तीच जाणे.

पुढे तिला मागणी वाढली. १९३२ सालच्या 'झरीना'तील प्रणयदृश्यांवरून बराच वाद माजला. त्याचा विस्तार येथे नको. 'मीराबाई'चा बोलपटही त्याच वर्षीचा. १९३४ साली नानूभाई वकील यांच्यासह तिने महालक्ष्मी मूव्हीटोन ही संस्था उभारली. आईप्रमाणे लेकही मालकीण झाली. हैदराबादचे धनराजगीर यांच्याशी तिचा विवाह झाला. नंतर चित्रपट कमी होत गेले, आणि १९४९ सालचा 'निर्दोष अबला' हा शेवटचा ठरला. फातमा बेगम १९८३ साली वारल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८८ साली, झुबेदाही मुंबईत निवर्तली.

'बुलबुले परिस्तान'ची प्रत आज कोठेही नाही. 'आलम आरा'चीही नाही. ज्या आवाजासाठी तिची निवड झाली, तो आवाज त्या फितीबरोबरच गेला. उरली आहेत ती काही छायाचित्रे. त्यांतील एकात मास्टर विठ्ठल आणि झुबेदा शेजारी शेजारी दिसतात. आमच्या एखाद्या वाचकाच्या आजोबांनी मॅजेस्टिकच्या त्या गर्दीत हीच जोडी पाहिली असण्याचा संभव आहे.