स्वतःच्या देशाचे राजकारण शिकताना

अमेरिकी विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या साधारणपणे चार शाखा मानल्या जातात : राजकीय सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय संबंध, तौलनिक राजकारण आणि अमेरिकी राजकारण. इतर देशांचे अंतर्गत राजकारण ‘तौलनिक’ शाखेत जाते. स्वतःचा देश मात्र वेगळा राहतो. ही विभागणी सोयीची खरी, पण तिच्यात एक धोका आहे. जे रोज डोळ्यांसमोर असते ते आपल्याला कळलेलेच आहे, असे वाटू लागते. या शाखेतील उत्तम ग्रंथांनी हाच समज मोडला.

वुड्रो विल्सन यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्यार्थी असताना ‘काँग्रेशनल गव्हर्न्मेंट’ लिहिले (१८८५). संविधानातील सत्तासमतोल कागदावर राहिला असून खरा कारभार काँग्रेसच्या समित्या चालवतात, हे त्यांनी मांडले. तेही मुख्यतः वाचनाच्या बळावर. पुढे मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी हजारो मतदारांच्या मुलाखती घेतल्या. ‘द अमेरिकन व्होटर’ने (१९६०) दाखवले, की मतदार धोरणे तोलण्यापेक्षा बहुधा घरातून आलेल्या पक्षनिष्ठेने मत देतो. डेव्हिड मेह्यू यांनी १९७४ साली एकच गृहीतक धरले : प्रतिनिधीला पुन्हा निवडून यायचे असते. त्यावरून त्यांनी काँग्रेसच्या वर्तनाची संगती लावली. रिचर्ड फेनो मात्र अठरा प्रतिनिधींसोबत त्यांच्या मतदारसंघांत हिंडले आणि त्यातून ‘होम स्टाइल’ (१९७८) हा ग्रंथ झाला. लोक काँग्रेसला नावे ठेवतात, पण आपल्या प्रतिनिधीला जपतात, हा विरोधाभासही त्यांनीच नोंदवला.

डॉक्टरेटचा विद्यार्थी साधारण पहिली दोन वर्षे हे सारे वाचतो, संख्याशास्त्र शिकतो, व्यापक परीक्षा देतो आणि मग प्रबंधाकडे वळतो. त्या परीक्षेसाठी ग्रंथांचे सार पाठ असून भागत नाही. कोणत्या पद्धतीला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे सांगता यावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकी अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत शेजारी ठेवल्या : पहिलीत स्थैर्य अधिक, दुसरीत उत्तरदायित्व अधिक, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे. तुलनेवाचून ही निवड स्पष्ट झाली नसती. आपल्याकडेही ‘भारतीय राजकारण’ ही स्वतंत्र अभ्यासपत्रिका असते. ती शिकताना आणि शिकवताना दुसरा देश शेजारी असावा, नाहीतर ओळखीलाच आपण ज्ञान समजू लागतो.