राधानगरला गोरज, सीतापूरला हळद

अंदमानात लग्न करायचं ठरवलंत, तर पत्रिकेवरचा पत्ता वाचूनच पाहुणे खूश होतील. स्वराज द्वीप, म्हणजे कालपरवापर्यंतचं हॅवलॉक. त्यावरच्या गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर आणि विजयनगर. शेजारच्या शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नील बेटावर, सीतापूर, रामनगर, भरतपूर आणि लक्ष्मणपूर. एका बेटावर गोकुळ, दुसऱ्यावर अयोध्या! ही नावं पर्यटन खात्याने ठेवलेली नाहीत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी मिळाल्या आणि त्यांनी जंगल साफ करून वस्त्या उभ्या केल्या. गाव गमावून आलेल्या माणसांनी नव्या गावांना देवांची नावं दिली. आपण लग्नाला जातो ते त्यांच्या अंगणात, हे आधीच मनाशी धरलं की पुढचं सगळं नियोजन नीट होतं.

बेटांची नावं बदलली ती ३० डिसेंबर २०१८ रोजी. बरोबर ७५ वर्षांपूर्वी, ३० डिसेंबर १९४३ ला, नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता. ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही त्यांनीच सुचवलेली नावं. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं आहे. पत्रिकेत दोन्ही नावं छापा, कारण बोलण्यात अजून जुनीच चालतात आणि तिकीट काढताना काकांचा गोंधळ उडायला नको.

सूर्य लवकर येतो, लवकर जातो

सगळ्यात मजेदार गोष्ट घड्याळाची. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ २० रेखांश आहे, पण घड्याळ तेच, भारतीय प्रमाणवेळेचं. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे मुंबईपेक्षा साधारण सव्वा तास आधी येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तर इथे पावणेसहाच्या सुमारास. संध्याकाळी मुंबईत ६.४० च्या आसपास मावळतो, इथे साडेपाचच्या आतच. डिसेंबरअखेर तर पाच वाजताच दिवस संपतो.

म्हणून पुण्या-मुंबईसाठी काढलेला मुहूर्त इथे जसाच्या तसा चालत नाही. तिथी आणि नक्षत्र संपण्याची घड्याळातली वेळ देशभर एकच असते. पण सूर्योदय, सूर्यास्त आणि क्षितिजावर उगवणारी रास, म्हणजे मुहूर्तातलं ‘लग्न’, स्थळानुसार बदलतं. गुरुजींना ‘अंदमानचे अक्षांश-रेखांश धरून काढा’ असं सांगायचं, एवढंच. सांगितलं नाही तर गोरज मुहूर्ताला गायी कधीच्या गोठ्यात पोचलेल्या असतील आणि फोटोग्राफरच्या हाती काळोख लागेल.

याचा फायदाही आहे. राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे गोरजाला सूर्य थेट पाण्यात उतरताना दिसतो. साडेपाचला अक्षता पडल्या की सातला जेवण आणि आठला संगीत. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करण्याचा नियम देशभर लागू आहे, पण इथे दहा वाजेपर्यंत वऱ्हाडाची चार तासांची संध्याकाळ झालेली असते. आजी-आजोबा वेळेवर झोपतात. हे सुख आपल्याकडच्या हॉलमध्ये मिळत नाही.

तुळशीचं लग्न झालं की लगेच? थांबा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मांडव पडतात. पण नेमका तोच, नोव्हेंबर-डिसेंबरचा काळ बंगालच्या उपसागरात वादळांचा. अंदमानला दोन पावसाळे. नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सगळ्यात आधी इथे पोचतात, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. परतीचा, ईशान्येकडून येणारा पाऊस वर्षअखेरपर्यंत रेंगाळतो. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली होती. ते सगळे सुखरूप परतले. पण त्यात आपलं वऱ्हाड असतं तर?

मग धनुर्मास आणि पौष येतो, तेव्हा अनेक घरांत मंगलकार्य करत नाहीत. उरतात माघ आणि फाल्गुन, साधारण जानेवारीअखेर ते मार्च. आभाळ मोकळं, समुद्र शांत, पाणी काचेसारखं. पंचांग आणि हवामान खातं दोघंही इतक्या एकमताने होकार देतात असे महिने थोडेच. माझं ठाम मत आहे की अंदमानातलं लग्न माघातच करावं.

सीमांतपूजन जेट्टीवर

स्वराज द्वीपावर प्रवासी विमान उतरत नाही. आधी श्री विजयपुरमला विमानाने, तिथून बोटीने. खासगी वेगवान बोट साधारण दीड तासात पोचवते, सरकारी बोट दोन-अडीच तास घेते पण स्वस्त पडते. अंधार पडल्यावर बोट नाही. सकाळचं विमान चुकलं की त्या दिवशी बेट गाठणं कठीण, आणि वारा सुटला तर बोट रद्द. म्हणून नवरा-नवरी, दोघांचे आईवडील, मामा आणि गुरुजी लग्नाच्या किमान दोन दिवस आधी बेटावर हवेत. बाकी कुणी उशिरा आलं तर आहेर उशिरा मिळेल. मामा नसले तर नवरीला बोहल्यापर्यंत आणणार कोण?

सीमांतपूजन म्हणजे गावाच्या वेशीवर नवरदेवाचं स्वागत. बेटाची वेस कुठली? जेट्टी! बोटीतून उतरणाऱ्या नवरदेवाचे पाय धुवायला पाणी आणायला लांब जावं लागत नाही. सनईवाला सोबत असेल तर त्याला पहिल्या बोटीने पाठवा.

घोडा, हत्ती मात्र डोक्यातून काढून टाका. हॅवलॉकचा प्रसिद्ध हत्ती राजन समुद्रात पोहायचा. लाकूडतोडीच्या काळात असे हत्ती बेटांमधलं पाणी पोहून पार करत. राजन त्या पिढीतला शेवटचा, तो २०१६ साली गेला. ‘एलिफंट बीच’ या नावात ती आठवण राहिली आहे.

नारळ-सुपारी इथलीच, मुंडावळ्या घरून

मराठी लग्नाला काय लागतं त्याची यादी करून बघा. नारळ आणि सुपारी ही तर अंदमानची मुख्य पिकं. ओटीचा नारळ, गणपतीची सुपारी, विडे मांडायला सुपारी, सगळं बेटावरच्या शेतकऱ्याकडून घेता येतं. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो, राजधानीच्या बाजारातही तिथली भाजी जाते. मासळीबद्दल तर बोलायलाच नको. जे बेटावर मिळतं ते बेटावरूनच घ्या. एक तर ते ताजं असतं, आणि पैसा त्या अंगणातल्या माणसांकडे जातो.

न्यायचं काय? मुंडावळ्या, अंतरपाट, हवनाच्या समिधा, पूजेची तांब्या-पळी आणि हिरवा चुडा. बहुतेक देशांतर्गत विमानांत चेक-इन सामान १५ किलो, त्यामुळे रुखवतातला साखरेचा वाडा घरीच ठेवावा लागेल. काडेपेटी विमानात चालत नाही, ती तिथे घ्या. अंतरपाटाला खालच्या बाजूने वेताची काठी शिवून घ्या. समुद्राचा वारा मंगलाष्टकांच्या पहिल्याच कडव्याला अंतरपाट उडवतो आणि नवरा-नवरीचं आधीच बघून होतं. होमकुंडाला तीन बाजूंनी आडोसा हवा, नाहीतर ठिणगी थेट शालूवर.

होम आणि सप्तपदी वाऱ्यामुळे आटपती घेऊ नका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीला वजन आहे. जिथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. त्या सात पावलांचे फोटो नीट काढून घ्या, नोंदणीच्या वेळी कामाला येतात. आणि बेटावरच विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावायचा विचार असेल, तर दोघांपैकी एकाला त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहावं लागतं. तेवढी रजा कोण देतो!

अमावास्या, पौर्णिमा आणि मांडव

कोकणातल्या माणसाला सांगायला नको की अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि अष्टमीला भांग. अंदमानातही चंद्राचा नियम तोच. पण भरतीची घड्याळातली वेळ मात्र वेगळी, त्यामुळे कोकणातला तिथीवरून तास काढायचा आडाखा इथे वापरू नका. त्या दिवसाचं स्थानिक भरती-ओहोटीचं कोष्टक मागा आणि मांडव सर्वोच्च भरतीच्या रेषेच्या बराच वर घाला. पौर्णिमेच्या रात्रीची पंगत सुंदर दिसते हे खरं, पण त्याच रात्री पाणी सगळ्यात वर चढतं.

ओहोटीलाही कामाला लावता येतं. नीलवर प्रवाळ-दगडाची नैसर्गिक कमान आहे, लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. पाणी उतरलं की तिच्यापर्यंत चालत जाता येतं आणि वाटेतल्या डबक्यांत रंगीत मासे, समुद्रकाकड्या दिसतात. हे बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब. सकाळी सीतापूरला उगवत्या सूर्यासमोर हळद लावा, संध्याकाळी लक्ष्मणपूरला मावळतीला मेंदी काढा. समुद्रातून उगवणारा आणि समुद्रातच मावळणारा सूर्य एका दिवसात बघायला आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला घर सोडावंच लागतं.

वीस रुपयांचा आहेर

आहेराच्या पाकिटात घालायला जुनी, लालसर वीसची नोट शोधा. तिच्या मागे माडांच्या आडून दिसणारा समुद्र आणि दीपगृह आहे. ते दृश्य अंदमानच्या नॉर्थ बेचं, माउंट हॅरिएटवरून दिसणारं. २०१९ साली नवी हिरवट-पिवळी वीसची नोट आली, तिच्यावर आपलं वेरूळ आहे. दोन नोटा एकाच पाकिटात घाला, की अंदमान आणि महाराष्ट्राची सोयरीक झाली.

ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठीही सोय आहे. चेन्नई ते अंदमान-निकोबार अशी सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि ती स्वराज द्वीपापर्यंत पोचते. त्याआधी इथे इंटरनेट म्हणजे उपग्रहाची कृपा होती. आता साताऱ्याच्या पणजीला घरी बसून अक्षता टाकता येतात.

इथे हात जोडून सांगते

राधानगर हा सार्वजनिक किनारा आहे. ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. मांडव, होम, स्पीकर यातलं काहीही प्रशासनाच्या परवानगीशिवाय तिथे होत नाही. लग्न हॉटेलच्या आवारात लावून फोटोपुरतं किनाऱ्यावर जाणं हाच चांगला मार्ग. ड्रोनचंही तसंच. विमानतळ नौदलाच्या तळावर आहे आणि तिन्ही दलांची देशातली पहिली एकत्रित कमांड २००१ पासून इथे आहे. परवानगी हातात नसेल तर ड्रोन घरीच राहू दे. मगरीच्या सूचनेचा फलक दिसला तर पाण्यात उतरू नका, तो शोभेला लावलेला नसतो.

थंडीच्या महिन्यांत अंदमानच्या अनेक किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. त्यांच्या लेखी उजेड म्हणजे समुद्र, आणि मांडवाच्या दिव्यांनी ती उलटी वळतात. पंगत संपली की किनाऱ्याकडचे दिवे मालवा. आकाशकंदील सोडू नका, चमकीच्या तोफा उडवू नका. शिंपले आणि प्रवाळ आठवण म्हणून बॅगेत भरू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत ते काढून घेतात. एवढ्यासाठी करवल्यांच्या डोळ्यांत पाणी यायला नको.

आणि एक सकाळ सेल्युलर जेलसाठी ठेवा. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या सात पाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर बंधू याच तुरुंगात होते. कागद-लेखणी नसताना तात्यारावांनी ‘कमला’ हे काव्य इथे रचलं आणि पाठ करून मनात जपलं. ज्या विमानतळावर आपलं वऱ्हाड उतरतं त्याला त्यांचंच नाव आहे. लग्नानंतर देवदर्शनाला जातो तसे नवरा-नवरी तिथे जोडीने जाऊन या. तुरुंग कोणत्या दिवशी बंद असतो, तेवढं तारीख ठरवताना बघा.