आधी नकार, मग गाणे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी माणसाने प्रेमाची भाषा उघडपणे ऐकली ती नाटकघरात. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आले. बलरामदादाने दुर्योधनाशी ठरवलेले लग्न सुभद्रेला नको आहे, तिचे मन अर्जुनावर आहे, आणि सगळे नाटकघर एकमुखाने तिच्या बाजूने आहे. तिच्या विरहाची पदे लोकांच्या ओठांवर बसली. ती लिहिली एका पुरुषाने आणि भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीवेषात गाऊन ती गाजवली. सुभद्रेसाठी हळहळणारा प्रेक्षक घरी जाऊन आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीसाठी स्थळे पाहत होता. तिला विचारायचे असते, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. आदल्या वर्षी सुरतेच्या एका विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणे चालले होते. ताराबाईंनी त्या निमित्ताने लेखणी उचलली आणि पुरुषांचा हिशेब मांडला. नाटक-कादंबऱ्यांतून रंगवल्या जाणाऱ्या बायकांचाही त्यांनी समाचार घेतला. हे पुस्तक पुढे जवळजवळ विसरले गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापले, तोवर 'सौभद्रा'चे प्रयोग मात्र अखंड चालू होते. सुभद्रेचा रुसवा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ, आणि ताराबाईंचा संताप ९० वर्षे अडगळीत, ही गोष्ट मला फार लागते.

१८८० ते १९५५ हा काळ मी पुन्हा पुन्हा वाचते. दर वेळी एकच गोष्ट अधिक ठळक होते. मराठी बाईच्या प्रेमाची कथा तिच्या होकाराने सुरू होत नाही, नकाराने सुरू होते. आणि तो नकार कवी-नाटककारांना सुचण्याच्या कितीतरी आधी जिवंत बायकांनी देऊन टाकला होता.

रखमाबाईंचेच पाहा. जन्म १८६४ चा, मुंबईचा, सुतार समाजातला. आई जयंतीबाई लहान वयातच विधवा झालेली, तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी याच्याशी झाले. पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजीने उच्च न्यायालयात दावा लावला की माझी बायको माझ्या ताब्यात द्या. रखमाबाईंचे म्हणणे साधे होते. हे लग्न मी अजाण असताना झाले, त्याला माझी संमती नव्हती, मी ते मानत नाही.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आला आहे, आणि जी कधी नांदलीच नाही तिला बळजबरीने नवऱ्याकडे पाठवणे क्रूरपणाचे होईल, असे त्यांनी सांगितले. धर्म बुडाल्याची ओरड सुरू झाली. 'केसरी'ने रखमाबाईंवर आणि त्यांच्या शिक्षणावर टीकेची झोड उठवली. म्हणजे परक्यांच्या कायद्यातले एक हत्यार आपल्या धर्माच्या रक्षणासाठी हवे होते आणि ते एका तरुण मुलीवर चालवायचे होते! त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे आली. ती रखमाबाईंचीच होती.

अपिलात पहिला निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली. पुढच्या वर्षी त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट इथे त्यांनी कितीतरी वर्षे बायकांवर उपचार केले. १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे धारण केले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. ज्याला आयुष्यात नवरा मानले नाही त्याच्यासाठी वैधव्य का घ्यावे? लोकनिंदेला कंटाळून असेल, इतर विधवांत मिसळून काम करणे सोपे जावे म्हणून असेल. नकार देणाऱ्या बाईला त्याचे मोल किती दिवस चुकवत राहावे लागते, ते त्या पांढऱ्या लुगड्यात दिसते एवढे खरे.

साहित्य यानंतर हळूहळू मागून आले. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्रातून १८९० पासून 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली. यमूच्या तोंडून तिचीच कहाणी. यमू आणि रघुनाथराव मुंबईला बिऱ्हाड करतात तेव्हाची पाने मराठी कादंबरीतल्या दांपत्यप्रेमाची पहिली खरी पाने आहेत, असे मी म्हणेन. घरात सासू-सासरे नाहीत, नवरा बायकोशी दिवसाउजेडी बोलतो, तिला वाचायला देतो. प्रेमाला आधी काय लागते, तर एक स्वतंत्र खोली, हे हरिभाऊंनी अचूक हेरले होते. पुढे रघुनाथराव जातात, यमूचे जुलमाने केशवपन होते. तिच्या दुःखाने महाराष्ट्र हेलावला. पण यमू सोसते, नाही म्हणत नाही. रखमाबाई तीन वर्षांपूर्वीच भर न्यायालयात नाही म्हणून गेल्या होत्या.

देवलांची 'शारदा' १८९९ ची. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ आणि पैशासाठी पोटची पोर विकणारा कांचनभट. शारदेच्या पदांनी थेट चुलीपर्यंत धडक मारली. जरठ-बाला विवाहाची समाजाला लाज वाटू लागली त्यात या नाटकाचा वाटा मोठा आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला, तेव्हा पुष्कळ मराठी घरांना देवलांची शारदाच आठवली असणार. पण नाटकात शारदा सुटते कशी? वधू-वर सगोत्र असल्याचे कोदंड उघड करतो म्हणून लग्न मोडते. ती जीव द्यायला निघते, आणि पुढे कोदंडाशी लग्न व्हायला शंकराचार्यांची परवानगी लागते. तिला हा नवरा नको एवढे कारण लग्न थांबवायला पुरत नाही. प्रेक्षकांना शारदेचे अश्रू मंजूर होते, तिची इच्छा अजून मंजूर नव्हती.

ती मंजूर व्हायला १९३७ उजाडले. प्रभातचा 'कुंकू' हा चित्रपट. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. मामा-मामी नीरेला फसवून वयोवृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधतात. शांता आपटे यांची नीरा रडत कोपऱ्यात बसत नाही. लग्न झाले असेल, मी बायको होणार नाही, हे ती एकाच छताखाली राहून रोज सांगते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. केशवराव दाते यांनी म्हाताऱ्याला खलपुरुष केले नाही, हे त्यांचे मोठेपण. आपण काय केले हे त्याला हळूहळू उमगत जाते, आणि ते उमगणे पाहणे फार जड जाते. अखेर तो स्वतःला संपवतो आणि नीरेने पुन्हा लग्न करावे अशी इच्छा मागे ठेवतो. 'शारदा' ते 'कुंकू' हे अंतर ३८ वर्षांचे. त्यात कायदा आला, मुली शाळा-कॉलेजात गेल्या. मुख्य म्हणजे बाईची भूमिका बाई करू लागली. नीरेचा तो ताठा स्त्रीवेषातल्या नटाला पेलला असता, असे मला वाटत नाही.

या चित्रपटात नीरेच्या पाठीशी उभी राहणारी म्हाताऱ्याची सुधारक मुलगी शकुंतला परांजपे यांनी उभी केली आहे. त्या प्रत्यक्षातही तशाच. रँग्लर परांजप्यांच्या कन्या, रशियन चित्रकाराशी लग्न, मग काडीमोड, मुलगी सई हिला एकटीने वाढवणे आणि संततिनियमनाचे काम, ज्याचे नाव काढले तरी तेव्हा लोक कानांवर हात ठेवत. शांता आपटे यांनीही १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले. नीरेची हिंमत पटकथेत लिहिलेली होती, पण ती या दोघींना पाठ करावी लागली नसावी.

आता होकाराकडे. पंडिता रमाबाईंनी १८८० मध्येच आपल्या पसंतीने, जातीबाहेर, बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. पण आईबाप गेलेले, देशभर पायी हिंडून शास्त्रार्थ करणारी ती विदुषी. तिचे उदाहरण चारचौघींना उपयोगी पडणारे नव्हते. चारचौघींसाठी खरी वाट जोतीराव फुल्यांनी काढली. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी स्वतः बोलते. बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तिचे हक्क तिला देशील अशी शपथ घे, असे ती सर्वांसमक्ष नवऱ्याकडून मागून घेते आणि तो कबूल करतो. लग्नाच्या गाण्यात नवरीला आवाज मिळाला तो असा. या मंगलाष्टकांची चर्चा नाट्यपदांच्या मानाने फारच कमी झाली.

एरवी लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात प्रेमाचे गाणे नव्हतेच. जात्यावरच्या ओव्यांत आईबाप आहेत, भाऊराया आहे, लेकीची पाठवणी आहे, विठ्ठल आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात त्या गोळा केल्या. भ्रताराचे कौतुकही आहे, पण ते बहुतेक कुंकवाचे, धन्याचे कौतुक. जीव लावला जातो तो भावाला. भोंडल्याच्या गाण्यात माहेरी जायची परवानगी मागत सून सासूपासून सुरुवात करते आणि सगळ्या घराच्या पायऱ्या चढते. दुसरीकडे लावणीत शृंगार ओसंडून वाहत होता, पण ती गाणाऱ्या बाईच्या वाट्याला लग्न नव्हते. जिला मंगळसूत्र तिला प्रेमाचे गाणे नाही, आणि जिच्या तोंडी प्रेमाचे गाणे तिला मंगळसूत्र नाही, अशी वाटणी समाजाने बेमालूम करून ठेवली होती. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आले आणि केशवराव भोळ्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई, घरंदाज विवाहिता, रंगमंचावर उभ्या राहून गायल्या, तेव्हा ती वाटणी पहिल्यांदा तडकली.

जे गाण्यात नाही ते आठवणींत सापडते. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) वाचताना आधी राग येतो. विधवेशी लग्न करीन म्हणणाऱ्या माधवरावांनी पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवली, एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावले. मग पहिल्याच भेटीत ते तिला अक्षरे शिकवायला बसतात. घरातल्या बायका तिच्या शिकण्यावरून तिला घालूनपाडून बोलतात. ती दिवसा ऐकून घेते, रात्री धडा करते. या पुस्तकात प्रेमाची कबुली कुठेच नाही, पण नवऱ्याशिवाय एक पानही नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट अगदी वेगळी. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांच्या मागोमाग जायला नकार दिला. सोवळ्याच्या धाकात वाढलेली बाई, नवऱ्यावर अतोनात जीव, तरी नकार. वर्षांमागून वर्षे विरहात गेली. नंतर त्या एकत्र राहायला आल्या तरी आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून. बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध झाली. त्यात त्या टिळकांच्या लहरीपणाला, न सांगता निघून जाण्याला, घरात दिडकी न ठेवण्याला हसतात, चिडतात, आणि प्रत्येक ओळीत त्यांच्यावरचा लोभ दिसतो. आधी नाही म्हणण्याची मुभा घेतल्याशिवाय इतके मोकळे प्रेम लिहिता येत नाही. मराठीतले सर्वांत मोठे प्रेमपुस्तक कोणते असे कोणी विचारले, तर मी विरहगीतांकडे वळणार नाही, 'स्मृतिचित्रे' हातात देईन.

'स्मृतिचित्रे'च्या आदल्याच वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' आले होते. विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड मालतीबाई बेडेकर होत्या. शिकलेली, नोकरी करणारी, घर चालवणारी, आणि म्हणूनच जिचे लग्न लांबत जाते अशी मुलगी या कथांत बोलू लागली, आणि लोक खवळले. तिलाही देह आहे, ओढ आहे, हे बाईनेच लिहावे हे सोसण्याजोगे नव्हते. कवींना चालत होते ते तिला चालत नव्हते. पुढे इंदिरा संत आल्या. पती ना. मा. संत यांच्यासह 'सहवास' (१९४०) हा एकत्र संग्रह, १९४६ मध्ये पतीचे जाणे, मग 'शेला' आणि 'मेंदी'. स्वतःच्या नवऱ्यावरचे प्रेम बाईने स्वतःच्या नावाने, आडपडदा न ठेवता कवितेत लिहिले.

'मेंदी' १९५५ ची. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला. दुसरी बायको करायला बंदी आली, घटस्फोटाचा हक्क देशभरातल्या हिंदू स्त्रीला मिळाला. मुंबई प्रांताने तो १९४७ मध्येच दिला होता. १९५५ च्याच सप्टेंबरात डॉ. रखमाबाई वयाच्या नव्वदीत मुंबईत वारल्या. ज्या प्रकारचा दावा दादाजीने त्यांच्यावर लावला होता, तो या नव्या कायद्याने कलम ९ म्हणून कायम ठेवला. तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्येच गेली होती, उरली मालमत्तेवरची टाच. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्या निकालाने कलम ९ शाबूत राहिले.